दोन नावं, एक बाटली

मला नसत्या चौकशा फार. आई म्हणायची, सगळ्यांना देव नाक देतो, हिला दोन दिली. ती दोन्ही नाकं घेऊन मी सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत कामाला लागले. तळमजल्यावर दोन खोल्या, एक घरघरणारा फ्रिज आणि त्यात रक्ताच्या काचेच्या बाटल्या. वॉर्डातून रोग्याच्या रक्ताची नळी यायची. तिचा गट बघायचा, त्या गटाच्या बाटलीतला थेंब रोग्याच्या रक्ताशी मिसळायचा आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं. नाही झाल्या तर बाटली जुळली. मग चिठ्ठीवर सही करून ती वर पाठवायची. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस हातचा जातो, हे आम्ही पाठच केलं होतं. पण रोज तेच ते करताना भीतीही शिळी होते.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डातून नळी आली. कामठीची बाई, आदल्या दिवशी बाळंत झालेली, रक्त जायचं थांबत नव्हतं. फॉर्मवर हिमोग्लोबिन चार लिहिलेलं, वॉर्डात बोट टोचून काढलेलं. गट निघाला बी. बाटली होती, जुळली, मी सही ठोकली आणि आमच्या आयाबाई ती घेऊन वर गेल्या.

नळी जागेवर ठेवताना मी ती उजेडात धरली. हे काही कामात बसत नव्हतं, माझी आपली खोड. रक्त गोठलं की नळीत खाली लाल गोळा बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटतं. अंगात रक्त नसलेल्या बाईचा गोळा बोराएवढा, पाणीच जास्त. या नळीत गोळा चांगला अर्ध्यापर्यंत होता. मला आधी गंमत वाटली. चार हिमोग्लोबिनची बाई आणि रक्त असं खात्यापित्या घरचं? मग एकदम लक्षात आलं, हे रक्त त्या बाईचं नाहीच, आणि मी जिना चढत सुटले.

सिस्टर बाटली टांगून नळी जोडत होत्या. मी ओरडले, ‘थांबा!’ त्या चिडल्याच. खाटेवरच्या बाईचे ओठ भिंतीसारखे पांढरे पडले होते, आणि मी त्यांना तिचे हात दाखवा म्हणत होते! एका हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हाताच्या कोपरात टोचल्याची खूणच नव्हती. शेजारच्या खाटेवर खापरखेड्याकडची एक बाळंतीण होती, चांगली गरगरीत. तिच्या कोपरात कापसाचा बोळा होता.

‘हिचं रक्त काहून घेतलं?’ घाईत माझ्याही तोंडून ‘का’च्या जागी नागपुरी ‘काहून’ निघून गेलं.

तिची आई उशाशी बसली होती. ती म्हणाली, ‘सकाळी सिस्टरबाईनं आमच्या पोरीचं नाव घेतलं ना वं. मी म्हटलं, हो, हेच हाय.’

मी तिच्या खाटेला लावलेला कागद पाहिला. कागदावर तिच्या पोरीचं नाव निराळंच होतं.

‘ते सासरचं,’ ती म्हणाली. ‘लग्नात बदलवलं त्यायनं. आमच्यासाठी थोडी बदलली पोरगी?’

तेव्हा उलगडलं. कामठीच्या बाईचं सासरचं नाव आणि या पोरीचं माहेरचं नाव एकच होतं. सिस्टरनी दारातून नाव पुकारलं. जिचं होतं ती ग्लानीत, तिची सासू चहा आणायला गेलेली. आणि इकडे एका आईनं लाडानं लेकीचा हात पुढे केला. कुणाला काय म्हणणार? सिस्टरनी टांगलेली बाटली खाली उतरवली. सही तर माझीच होती.

मी कामठीच्या बाईच्या कानाशी वाकून विचारलं, ‘नाव काय तुमचं?’ तिनं डोळे न उघडता सांगितलं ते तिसरंच, तिचं माहेरचं. बरं, सासू तोवर परतली होती, तिनं ताळमेळ लावून दिला. मी तिचं रक्त नव्या नळीत घेतलं, नळीवर तिची दोन्ही नावं लिहिली, खाटेचा नंबर लिहिला, आणि खाली येऊन तपासलं. गट ओ. बी गटाची बाटली तिला चढली असती तर संपलंच होतं. ओची बाटली फ्रिजमध्ये निघाली. ती चढत असताना मी तिथंच उभी राहिले, नको तितका वेळ. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं आणि पेला मीच तिच्या ओठांशी धरला.

दुसऱ्या दिवशी ती खापरखेड्याची आई खाली रक्तपेढीत आली. रात्रभर झोपली नव्हती म्हणे. बाही वर सारून म्हणाली, ‘माझं रक्त घ्या. मी मारून राहिली होती त्या पोरीले.’

‘तुम्ही फक्त नाव सांगितलं,’ मी म्हटलं. ‘सही मी केली होती.’

ती ऐकेना. तेव्हा आम्ही मोरचुदाच्या निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडून बघायचो. बुडाला तर घ्यायचं, तरंगला तर त्या माणसातच रक्त कमी. तिचा थेंब वरच फिरत राहिला. तिनं वाकून पाहिलं. ‘काहून बुडत नाही वं?’

मी सांगितलं. ती बाही खाली ओढून बाकावर बसली, आणि मला माझी लाज वाटली. एवढी वर्षं मी परक्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते, रक्त द्यायला कचरणाऱ्या नातेवाइकांना हसत होते, आणि स्वतः एकदाही दिलं नव्हतं. सुईला मी भीत होते, दुसरं काही नाही.

मी टोचायला आयाबाईंपुढे बोट धरलं. माझा थेंब निळ्या पाण्यात पडला.

‘बुडला वं, बुडला!’ ती टाळी वाजवून म्हणाली, आणि मी खाटेवर आडवी झाले तेव्हापासून बाटली भरेस्तोवर तिनं माझा हात सोडला नाही.