बेचाळीस पानं

त्या बेचाळीस पानांपैकी मी दीड पान वाचलं होतं. बहिणीला मात्र कळवलं, "सगळं वाचलं. ठीक आहे. सही कर."

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. लग्नानंतर ती कॅनडात गेली आणि टोरांटोजवळ घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात लागली. दोन-तीन वर्षांनी कंपनीने योजना काढली. दर पंधरवड्याच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, त्यात कंपनी आपली थोडी भर घालणार आणि त्यातून कंपनीचेच शेअर कर्मचाऱ्याच्या नावावर घेणार. त्या योजनेचा कागद तिने मला पाठवला. आमच्या घरात कागद वाचायचं काम माझं. लाइट बिल असो, सातबारा असो, वडिलांच्या फंडाचं पत्र असो, सगळे कागद माझ्यापुढे येत. मी खालापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे, दिवसभर कागदच वाचतो. पण तो कागद इंग्रजीत होता, आणि त्यातलं एकेक वाक्य अर्धं पान चालत होतं. "मला हे कळत नाही" एवढं लिहायला एक मिनिट लागलं असतं. धाकट्या बहिणीपुढे ते मला कबूल करवेना, म्हणून "वाचलं" असं लिहिलं.

अर्थात मला खात्रीही होती. आमचे वडील खोपोलीकडच्या एका कारखान्यात होते. कारखान्याने कामगारांना शेअर दिले तेव्हा बहुतेकांनी ते महिन्याभरात विकले. वडिलांनी ठेवले. पुढे त्यांतून घराची मागची खोली झाली, बहिणीचं कॉलेज झालं. जिथे आपण घाम गाळतो तिथले शेअर कधी दगा देत नाहीत, असं मी तेव्हापासून धरून चाललो. वडिलांचं नशीब बरं होतं, असाही त्याचा अर्थ असू शकतो, हे मनात कधी आलंच नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. तिचं दुसरंही एक खातं होतं, तिथल्या करमुक्त बचतीचं. त्यात तिने एक फंड घेतला होता, ज्यात शेकडो कंपन्यांचा थोडा थोडा वाटा असतो. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "दादा, इथला बाजार म्हणजे बँका नि तेल, असं लोक म्हणतात. थोडं कॅनडाबाहेरचंही घ्या म्हणतात. तसा फंड आहे माझ्याकडे, पण चालतोय गोगलगाईसारखा. कंपनीचा शेअर बघ, दुप्पट झाला."

"मग बघत काय बसलीस? तो फंड म्हणजे खिचडी, कशाचीच चव धड नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, बाय. सगळं एका जागी आण."

"सगळं?"

"सगळं."

तिने फंड विकून सगळे पैसे कंपनीच्या शेअरमध्ये घातले. कुठलं घर घ्यायचं ते नवरा-बायकोने बघून ठेवलं होतं. ते भाड्याच्या तळघरात राहतात. भिंतींना ओल येते, आणि थंडीचे पाच महिने भाचीचा खोकला हटत नाही. तळघरातून वर यायचं, घराची पहिली रक्कम भरायची, त्यासाठी तो पैसा होता. त्या दोघांनी साठवलेलं एवढंच होतं.

गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने तीन गोदामं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांत तिचं गोदाम होतं. शेअर आठवड्यात निम्म्याहून खाली आला. म्हणजे पगार गेला आणि साठवण अर्धी झाली, दोन्ही एकाच बातमीने.

मी तिला सांगितलं, "थांब. घाबरून विकू नकोस."

आईला त्या संध्याकाळी सांगितलं. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. कर्जतजवळच्या आमच्या गावात आमची जेमतेम दीड एकर शेती आहे. कुठे काय लावायचं ते अजून आईच ठरवते.

"काम गेलं तं दुसरं मिलंल. साठवलेलं हाय ना तिचं?"

"आहे. पण तेही त्याच कंपनीच्या शेअरमध्ये."

तिचे हात थांबले. "म्हंजे पगार बी तितंच नि साठवन बी तितंच? आमी अडाणी, पन सगळ्या खाचरांत एकच बी नाय टाकत रं. वरच्या खाचरात लवकर येनारं हळवं, खालच्या पान्यात उशिरा येनारं गरवं. एक गेलं तं दुसरं तरी हाती लागतं. तिला ह्ये कोनी सांगितलं?"

"तिनंच ठरवलं," मी म्हणालो.

हे इतक्या सहज तोंडातून गेलं की मला स्वतःलाच ऐकून दचकायला झालं. पण ते मी परत घेतलं नाही. जेवायला बसलो, जेवलोही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सव्वासहाला कचेरी सुटली आणि मी खालापूरच्या स्टँडवर कर्जतच्या एसटीची वाट बघत उभा होतो. बहिणीचा फोन आला. तिथे सकाळचे नऊ वाजत आले होते. तिथला बाजार आपल्या सातला उघडतो, हे आता मला घड्याळ न बघता कळत असे.

"दादा, आज ठरवायचं आहे. ह्यांचं म्हणणं, विकून टाक. मी म्हटलं दादाला विचारते. तू तो कागद वाचलायस ना, काम सुटलं की त्या शेअरचं काय होतं? किती दिवस आपल्याकडे राहतात? इथे कुणी म्हणतं नव्वद दिवस, कुणी म्हणतं तीस. आज माझा सव्विसावा दिवस आहे."

"नव्वद" म्हणावं असं पार ओठांवर आलं. कचेरीतले एक सहकारी शेजारीच उभे होते. मी शेअर घेतो म्हणून ते रोज चहाच्या वेळी मला बाजाराचं विचारायचे. माझा चेहरा बघून त्यांनी खांद्यावर थाप मारली. "काय शेट, बाजार पडला वाटतं? आमाला सांगा बरं, कंच्या गाडीत बसू नये ते!" आणि हसत हसत पुढे आलेल्या मिनीडोर रिक्षात शिरले.

मी फोन घेऊन स्टँडच्या मागच्या बाजूला गेलो.

"दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"काल आईशी बोलले. आई म्हणाली, शिकलीस पण अक्कल नाय आली तुला, सगळं एका खाचरात टाकलंस." मग म्हणाली, "मी काही बोलले नाही. तिला वाटतंय मीच केलं."

तिने मला जाब विचारला नाही. आवाजात राग असता तर मी काहीतरी सावरासावर केली असती. तिने फक्त सांगितलं. कर्जतची एसटी लागली. माणसं दाराशी गोळा झाली. मी जागचा हललो नाही.

"मी तो कागद वाचला नव्हता," मी म्हणालो.

"कुठला?"

"तोच. दीड पान वाचलं. पुढे काही कळेना. तुला वाचलं म्हणून सांगितलं."

एसटी निघून गेली.

"दीड?" ती म्हणाली.

"हो."

"आणि फंड विकायला सांगितलंस तेव्हा?"

"तेव्हाही नाही. आणि आईला तिनंच ठरवलं असं मी सांगितलं."

"ते कळलं मला." मग कसलासा कागद चाळल्याचा आवाज आला. "सहा वर्षं मी तो उघडला नाही, दादा. का, तर तू वाचलायस म्हणून. ह्यांनी दोनदा म्हटलं, आपण वाचू या. मी ह्यांच्याशी भांडले त्यावरून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "मी वाचते. तू ऐक."

ती मथळे बघत पानं उलटत होती, कामाचं वाटेल ते वाक्य इंग्रजीत वाचत होती आणि मला मराठीत सांगत होती. अडली की परत वाचायची. तिचं इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगलं होतं. ते गेली नऊ वर्षं तसं होतं, आणि हे मला माहीत होतं. सात वाजायला बारा मिनिटं असताना तिला ते सापडलं. काम सुटल्यापासून तीस दिवस. तेवढ्यात शेअर स्वतःच्या खात्यात न्यायचे किंवा विकायचे, नाहीतर कंपनी ठरवेल त्या दिवशी त्या भावाने विकून टाकणार. मी नव्वद म्हणालो असतो तर चार दिवसांनी कधी विकायचं ते तिच्या हातात उरलं नसतं.

पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या पानावर, ती थबकली होती. ते तिने मराठीत सांगितलं नाही, नुसतं सावकाश वाचलं. एवढं इंग्रजी मलाही कळलं. तुमचा पगार याच कंपनीतून येतो हे लक्षात ठेवा, बचतीचा मोठा भाग याच शेअरमध्ये ठेवू नका, असं खुद्द कंपनीनेच लिहून ठेवलं होतं.

"मी विकतेय," ती म्हणाली. "सगळे. विचारत नाहीये, सांगतेय."

"बरं," मी म्हणालो.

"आणि आईला तू सांग. मी नाही सांगणार."

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपाशी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. "मंग मना कशाला सांगतस? फोन लाव तिला," म्हणाली. फोन लागल्यावर ती मला बाहेर जायला सांगून बराच वेळ बोलत राहिली.

बहिणीला पाच-सहा आठवड्यांनी दुसरं काम मिळालं, पगार पहिल्याहून कमी. अजून ते तळघरातच आहेत. उरलेले पैसे तिने पूर्वीच्याच फंडात घातले. घरखर्चाला वर्षभर पुरतील तेवढे मात्र तिने वेगळे, बिनजोखमीचे ठेवले. हे मला मेहुण्यांकडून कळलं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. डिसेंबरात तो शेअर थोडा वर आला. मी रोज बघत होतो. वर आलेला दिसला तेव्हा मनात पहिलं आलं ते हे की बघ, मी थांब म्हणत होतो. तळघरातली भाची नंतर आठवली. आठवड्याने तो पुन्हा पडला. तेव्हा मला बरं वाटलं, तिचं विकणं योग्य ठरलं म्हणून, आणि माझं ओझं हलकं झालं म्हणूनही.

आता रविवारी ती आईशी बोलते. फोन माझ्याकडे आला की भात, पाऊस, गुडघे. शेअरबद्दल तिने बरेच महिने काही विचारलं नाही. परवा सकाळी एकदम म्हणाली, "दादा, तुझे पैसे कशात आहेत रे?"

"आहेत सात-आठ कंपन्या."

"यादी पाठव."

"कशाला?"

"वाचते."

मी पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं. "दादा, ही सगळी नावं तुझ्या एसटीच्या रस्त्यावरची आहेत. कारखान्याचं गेट दिसलं की शेअर घेतोस काय रे?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण ते खरं होतं. आणि त्या यादीत सगळ्यात मोठं नाव मी लिहिलंच नव्हतं. वडिलांच्या त्या जुन्या कारखान्याच्या शेअरमध्ये माझी जवळजवळ निम्मी बचत आहे. ते लिहायला हात धजला नव्हता. संध्याकाळी पुन्हा बसलो, ते नाव आणि आकडा घालून यादी परत पाठवली. खाली लिहिलं, "सकाळी एक राहिलं होतं. मुद्दाम राहिलं होतं."