सेत्तिमिओची वादी

रोमच्या तेस्ताच्चो भागात, कत्तलखान्यासमोर, जिन्याखालच्या बोळकांडीत सेत्तिमिओ जोडे शिवायचा. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि चौदा फेब्रुवारीला काचेवर लाल बदाम चिकटवतात. मी तिकडे बघत नाही.

खोडी मुळात माझीच. एकसष्ट साली कॉलेजात लॅटिन शिकत होते. टाच ठोकून घेताना त्याला सांगून बसले, की दोन हजार वर्षांपूर्वी इथून जवळच, पलातिनो टेकडीच्या पायथ्याशी, पंधरा फेब्रुवारीला बकरा कापायचे. त्याच्या कातड्याच्या वाद्या घेऊन उघडे तरुण धावायचे आणि बायका आपणहून हात पुढे करायच्या. फटका बसला की कूस उजवायची म्हणे. प्रेमिकांचा सण त्यातूनच निघाला, असं काही लोक छातीठोक सांगतात. पुरावा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

सेत्तिमिओने तोंडात खिळे धरून ऐकलं. पुढल्या वर्षी पंधरा तारखेला दारात बकऱ्याची वादी लटकली! नवीन लग्न झालेल्या पोरी हसत यायच्या, तो तळहातावर टिचकीएवढा फटका द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. मूल झालं, तर उरल्या कातड्याचे पहिले बूट त्याच्याकडून. पाद्रीबाबा प्रवचनात कडाडले. दुसऱ्या दिवशी त्यांचीच भाची रांगेत.

वरच्या खिडकीत त्याची बायको एर्सिलिया भाजी निवडत बसे. लग्नाला अकरा वर्षं, पाळणा नाही.

अडुसष्टच्या फेब्रुवारीत पाववाली नुन्झियाता रांगेतून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "गावाला फटके, आणि घरात? तिच्यातच खोट, तिथे वादी काय करणार!"

खिडकी धाडकन बंद झाली. एर्सिलिया खाली आली. आर्टिचोकची भाजी सोलून बोटं काळी झालेली.

"मार," तिने हात पुढे केला. "मलाही मार. या बायांची तोंडं तरी बंद होतील."

सेत्तिमिओचा हात उचलेना. मग त्याने वादी तिच्या हातात दिली आणि स्वतःचा मेणाने माखलेला पंजा पुढे धरला.

"तूच मार. डॉक्टरांचा कागद चार वर्षं खिळ्यांच्या डब्यात आहे. खोट माझ्यात आहे."



"चार वर्षं?" एर्सिलियाने मारली. "चार वर्षं मी ऐकून घेतेय, मेल्या?" परत मारली. टिचकी नव्हती ती. त्याने हात मागे घेतला नाही. शेवटी तिनेच तो धरला, लाल झालेला तळवा आपल्या एप्रनला पुसला. "वर चल. जेवण निवतंय. आणि नुन्झियाता, तू घरी जा."

मूल झालं नाहीच. पण पुढल्या वर्षापासून वादी एर्सिलियाच्या हातात आली, आणि सेत्तिमिओ शेजारी बसून बुटांची मापं काढू लागला.

तिचा फटका चांगलाच लागे. मी खाल्लाय. श्रेय वादीला देणार नाही, एवढी शिकलेली आहे. पण माझा मुलगा आता पंचावन्नाचा झाला, आणि ते इवलेसे बूट मी अजून कुणाला हात लावू देत नाही.