विलायतकाकीची गल्ली

विलायतकाकी खोटं बोलायला लागली की तिचा आवाज खाली यायचा. खरं बोलताना ती बंदरापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडायची. तिच्या माजघरात जमलेल्या आम्ही बायका आवाज खाली येण्याचीच वाट पाहायचो.

तिचा भाऊ बोटीवर होता, तो इंग्लंडात उतरला आणि तिथेच राहिला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला काकी सहा महिने जाऊन आली, एवढीच तिची विलायत. पुढे, ऐंशीनंतर कधीतरी, भावाने व्हिडिओ पाठवला आणि अधूनमधून कॅसेटी. त्यांत तिकडची एक न संपणारी मालिका असे. कामगारांची गल्ली, चिकटून घरं, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता आणि दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. रविवारी दुपारी काकी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून ती आम्हाला मालवणीत सांगायची. वासरांत लंगडी गाय शहाणी. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होते, पण थोरांची चूक काढायची आमच्याकडे रीत नव्हती.

“त्येंच्या गल्लीत गुत्तो, आमच्या गल्लीत बाव. बायलांची तोंडां सारकीच!” असं म्हणून ती बाहेरच्या विहिरीकडे हात करून स्वतःच हसायची. गोरी बाईसुद्धा गुडघ्यावर बसून दाराची पायरी घासते, हे मला तिच्याकडेच कळलं. तेवढं श्रेय देते. बाकी मला तिचा राग आहे, आणि ती मेली म्हणून तो कमी झालेला नाही.

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, तरी माझ्या ताईने तिच्यावर विश्वास टाकला. एका मास्तरांची पत्रं ताई काकीच्या पत्त्यावर मागवायची. तिथे विलायतेहून इतकं टपाल येई की पोस्टमनलाही संशय येत नसे. मास्तरांची बदली झाली, पत्रं थांबली. मग ताईला मसुऱ्याचं स्थळ आलं, पसंतीही झाली. मुलाची मावशी बोलणी करायला आली तो नेमका रविवार. काकी तिला कौतुकाने विलायत दाखवायला घेऊन गेली, मागोमाग ताई आणि मीही.

पडद्यावर गुत्त्यातली तरणी पोर रडत होती. काकीचा आवाज खाली आला. “ह्या चेडवाचा पयलाच एका मास्तरावांगडा जुळलेला. शेजारणीच्या पत्त्यार पत्रां येयत. आता लगीन ठरलाहा, म्हणान घरची लपयतत.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीने तो पाहिला आणि सरबताचा पेला खाली ठेवला.

काकीने ते मुद्दाम केलं नाही. तिला तिकडचं बोलणं कळत नव्हतं, गोष्ट तर सांगायला हवी, म्हणून हाताशी होती ती घातली. त्याचीच मला जास्त चीड येते. स्थळ मोडलं. तीन वर्षांनी ताईला वालावलच्या एका बिजवराला दिलं.

काकीच्या बाराव्याला आम्ही दोघी भेटलो. परतताना मी काकीला वाट्टेल तसं बोलत होते. ताईने सगळं ऐकून घेतलं.

“ता चेडू खरा कित्याक रडत होता गो?” तिने विचारलं.

“मांजर हरवला म्हणान.”

“तुका तवाच कळलेला?”

“होय.”

ताई थांबली. “मगे तू बोललंस कित्याक नाय?”