रझियाआपांची पानं

लोहगावच्या त्या छोट्या विमान कंपनीत रझियाआपांना एकच काम होतं: पानं बदलणं. ढगातून उतरताना विमानानं कुठवर खाली यायचं, आणि तरीही धावपट्टी दिसली नाही तर कुठून परत वर जायचं, हे सांगणारे चार्ट. दर चार आठवड्यांनी, गुरुवारी, त्यातले काही शिळे होत. आपा फायलीतून जुनं पान काढत, तिथल्या तिथे टर्रकन फाडत, मगच नवं लावत. जुनं चुकून परत आत जाऊ नये म्हणून ही पद्धत त्यांनीच पाडली होती.

प्रज्ञेश, वयानं त्यांच्या मुलाएवढा आणि हुद्द्यानं साहेब, येता-जाता म्हणे, "आपा, लिटरली सगळं टॅबवर आहे हो! फाइल म्हणजे जस्ट बॅकअप." आपा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

वर्षभर अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी चालत होती. सांगितलं तर नोकरी गेलीच, म्हणून सांगितलं नव्हतं. बोटांवर भागत होतं. दोन्ही पानं हातात धरली की हाताळलेलं मऊ, नवं कडक.

त्या गुरुवारी कॅप्टन केतकर फाइल घेऊन विमानाकडे गेले आणि आपा तुकडे टोपलीत टाकायला उठल्या. एका तुकड्याच्या समासात जाड काळी रेघ होती. बदललेल्या मजकुराशेजारी छापतात ती. एवढी जाड त्यांनाही दिसली. खिडकीशी नेऊन तो तुकडा त्यांनी डोळ्यांना चिकटवला. तारीख आजची! डोंगरावर नवा टॉवर उभा राहिला म्हणून उतरायची उंची वाढवलेली. कोकणातल्या त्या विमानतळावर कुणी फारसं जात नसे. जुनं पानही करकरीत राहिलेलं. बोटं फसली. फाडलं ते नवं, फायलीत राहिलं ते जुनं. आणि केतकर आज तिथंच निघाले होते.

बोलावं तर नोकरी. न बोलावं तर तो डोंगर.

"सर, विमान थांबवा! माझ्याकडून उलटं झालंय. मला... मला दिसत नाही, सर."

"व्हॉट? दिसत नाही म्हणजे?" प्रज्ञेशनं धडपडत फोन लावला, स्पीकरवर टाकला.

केतकरांचा आवाज नेहमीचाच, दारावरच्या विक्रेत्याला वाटेला लावावं तसा. "टॅबवर नवं आहे. आणखी काही?"

"सॉरी सर, आज आपांची चूक..."

"आज कसली? पावसाळ्यातच दोन पानं शिळी निघाली. तेव्हापासून मी ती फाइल नुसती नेतो आणि आणतो. बाईंना वाईट वाटू नये म्हणून. ठेवतो फोन."

फोन बंद झाला. आपा उभ्याच.

"आपा, डोन्ट वरी हं," प्रज्ञेश एकदम हळू बोलायला लागला. "सोमवारपासून फाइलच बंद करू. तुम्ही घरी आराम करा. डोळे दाखवा कुणाला तरी."

"दुसऱ्या विमानाच्या फायलीतली पानं राहिलीत, सर. लावू?"

एरवी तो "राहू द्या" म्हणाला असता. आज, लहान मुलाच्या हाती खडू द्यावा तसा म्हणाला, "लावा ना."

आपा बसल्या. जुनं-नवं समोर घेऊन त्यातलं एक पान उचललं, बोटांत घोळवलं. मऊ की कडक, काही केल्या ठरेना.

"हे जुनंच ना, सर?"

"हो हो," प्रज्ञेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

आपांनी ते फाडलं.