घरजावयाचं वेल्डिंग

आमच्या क्रुशेवात्स शहरात घरजावयाला कुत्रं विचारत नाही, आणि माझा वुकोमान त्याच लायकीचा. एक सुटकेस घेऊन आला आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला. ईस्टरपासून माझा उजवा हात थरथरतो हे दिसल्यावर तर लगेच म्हणाला, "आई, आता पाटीवर माझं नाव हवं."

आमच्या सायलेन्सरच्या दुकानावर फक्त माझ्या नवऱ्याचं नाव, 'ल्युबोद्राग', लिहिलंय. "खोट काढता येणार नाही असा एक जोड दाखवा, जावईबापू," मी म्हटलं. "मग बघू."

तेव्हापासून तो टिग वेल्डिंग शिकतोय. म्हणजे आधी हेल्मेटवर लांडगा रंगवून घेतला. एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्यात तार, पायाखाली करंटचं पेडल, एवढं एकदम सांभाळायला डोकं लागतं. याच्याकडे नुसतं हेल्मेट. असल्या माणसाच्या हाती ल्युबोद्रागचं दुकान द्यायचं?

पहिला जोड बाहेरून पारव्याच्या मानेसारखा चमकला. गाडी घेऊन आलेला टॅक्सीवाला ग्वोज्देन तर टाळ्याच वाजवायला लागला. मी करवत घेतली, थरथरत्या हातालाही ती जमते, टॉर्च जमत नाही, आणि नळी उभी कापली. आत करपलेल्या साखरेसारखे काळे खडे.

"आतली हवा हाकलायला आर्गॉन वायू कोण सोडणार? माझा बाप?"

"आत कोण बघतंय, आई?"

"धूर बघतो. थंडीच्या आत फाटेल हे."

मग पठ्ठ्याने नव्या नळीच्या एका तोंडातून आर्गॉन सोडला आणि दुसऱ्या तोंडात दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकलं, राकिया दारूच्या बुधल्याला बूच मारतात तसं घट्ट. जोड पुरा होता होता आत कोंडलेल्या वायूने वितळलेलं स्टील फुर्रकन बाहेर उडवलं.

"अहो, राकिया साठवताय का? त्याला बाहेर पडायला वाट नको?" मी इतकी हसले की ग्वोज्देनने मला पाणी आणून दिलं. वुकोमान हसला नाही.

आज सकाळी त्याने कणसाला खिळ्याने भोक पाडलं, जोड पुरा केला आणि नळी गुपचूप माझ्यापुढे ठेवली. मी कापली. आत स्वच्छ, चांदीसारखं. दारात नेऊन उजेडात फिरवली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. खोट सापडेना.

"देसांकामावशी," ग्वोज्देन कळवळला, "माझी गाडी जॅकवर आहे गं! चांगला जोड कशाला कापलास?"

वुकोमानने टॉर्च माझ्यापुढे धरली. "आता तुम्हीच जोडा, आई."

ग्वोज्देनने मान खाली घातली. माझा उजवा हात ॲप्रनच्या खिशात होता, तरी खिसा हलत होता. नालायकाने हे वाक्य किती दिवस पोटात ठेवलं असेल कोण जाणे.

"आधी याची नळी जोडून गाडी सोड," मी म्हटलं. "मग ब्रश आण. पाटीवर ल्युबोद्रागच्या खाली तुझं नाव लिही. आणि अक्षरं बारीक काढ, जागा कमी आहे."