मुतखडा फोडणारी मुलगी

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाला मुलाचे वडील स्वतःच्या मूत्रपिंडाचा एक्स-रे घेऊन आले होते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. माझा प्रयोग नुकताच कुठं जुळू लागला होता आणि मला परत जायचं होतं. मामांनी मात्र मला न विचारता परस्पर कबूल करून टाकलं होतं, की स्थळ जमलं की मुंबई बंद.

मंडळी पळसदेवची. वडील कुठल्याशा कारखान्याचे संचालक, म्हणजे शेळगावात आमच्या ओसरीवरसुद्धा खुर्ची आपल्याच बापाची असल्यासारखे बसलेले. मुलगा बारामतीला एमआयडीसीत इंजिनिअर. त्याच्या खिशाला दोन पेनं होती, आणि मला दिसलेली हुशारी तेवढीच.

पोहे संपायच्या आत संचालकांनी एक्स-रे माझ्यापुढं धरला. "बगा बरं, ह्यो खडा तुमच्या लेसरनं फुटंल का?"

"मी मुतखडे फोडत नाही," मी म्हणाले.

"आवो, आबाच सांगत्यात की गावभर," मामा गडबडले.

आबा म्हणजे माझे वडील. ते वर पंख्याकडं बघत होते. उन्हाळ्यात याच आबांना मी बांधावर तीन चिंचोके मांडून सगळं समजावलं होतं. फार थंड वायूत दोन-तीन अणू एकमेकांना चिकटून बसतात. कसे बसतात ते दिसत नाही. म्हणून लेसरच्या जबर झोतानं त्यांचे इलेक्ट्रॉन उडवायचे, म्हणजे उरलेले एकमेकांना ढकलत सुटतात. कोण कुठं, किती वेगानं गेला, यावरून मूळची बैठक काढायची. आबा म्हणाले होते, "तिन्ही एका रांगंत असली तर मदला जागचा हालायचा न्हाय, व्हय ना?" मला इतका आनंद झाला होता!

तेच मी पाहुण्यांना थोडक्यात सांगितलं.

"म्हंजे आदी फोडायचं आन मग कसं व्हतं ते हुडकायचं?" संचालक खो-खो हसले. मुलगा त्यांच्यानंतर हसला. सगळ्या बैठकीत त्यानं दाखवलेली अक्कल एवढीच, आणि तीही बापाकडून उसनी! "ऱ्हाऊ द्या. पोरगी पसंत हाय आमाला. लग्नानंतर कुठं करायचंय असलं?"

"मला पसंत नाही," मी म्हणाले. "मुलगाही नाही आणि एक्स-रेही नाही."

चहा न घेताच मंडळी जीपमध्ये बसून गेली. मामा दिवसभर कपाळ बडवत बसले. बसू देत.

दुसऱ्या दिवशी आबा मला इंदापूरच्या स्टँडवर सोडायला आले. मी विचारलं, "आबा, तुम्हाला तर सगळं समजलं होतं. मग मुतखडा कशाला?"

"समजलं व्हतं की," ते म्हणाले. "पर ते चार लोकांत सांगण्यासारखं हाय का?"

मुंबईची गाडी लागली. मी त्यांच्या पाया न पडताच चढले.