सुगंधाचं गाऱ्हाणं

आमच्या शांती नगरच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की लोक सेक्रेटरीला नाही, महिपतला हाक मारायचे. महिपत माझ्या समोरच्या दारातला, मूळचा रत्नागिरीकडचा, घरसामान हलवणाऱ्या टेम्पोवर कामाला. फ्रिज पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यावर यायचा आणि वर आला की हसत चहा मागायचा. त्याची बायको सुगंधा मात्र एवढीशी. दोघं बाजाराला निघाली की मी म्हणायचे, बघा, कपाट निघालं पिशवी घेऊन!

असे खांदे असल्यावर दहीहंडीच्या पथकात त्याची जागा सगळ्यात खालच्या थरात ठरलेली. एका वर्षी सरावात थर कोसळले नि त्याचा खांदा निखळला. डॉक्टरांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. हंडीच्या दिवशी दुखणं होतंच. पथकाचा प्रमुख काशीनाथ, आमच्याच तळमजल्यावरचा, माणूस जीव लावणारा, कुठूनतरी त्याहून जोरदार गोळ्या घेऊन आला. महिपत उभा राहिला, हंडी फुटली, अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

व्यसन म्हटलं की आपल्याला पुलाखालचा अंधार आठवतो. याचं सुरू झालं ते असं, भर दुपारी, डीजेच्या गाण्यावर. पुढे महिपतनेच सांगितलं, की गोळीने खांदा तर गप्प झालाच, पण गावच्या घराची भांडणं, शेठची बोलणी, सगळंच लांब गेलं. खांदा बरा झाला, गोळी राहिली. नाही घेतली की घाम, उलट्या, अंग मोडून यायचं.

कळलं तेव्हा अख्खी बिल्डिंग डॉक्टर झाली. सुगंधाच्या भावाने कानाखाली काढली. सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं, जणू गोळ्या गच्चीत उगवत होत्या. कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आणला, तर तिथून डोक्यावरचे केस काढून पाठवला. डोक्यातलं होतं तसंच. शेवटी काशीनाथने त्याला गावी नेला. गावदेवीपुढे नारळ ठेवून शपथ घातली, पुन्हा गोळी घेतली तर तोंड दाखवणार नाही म्हणून. परत आल्यावर पेढे वाटले. पेढे चांगले होते.

काही आठवड्यांनी सुगंधा कामावरून आली, तर बाथरूमला आतून कडी. आम्ही दार तोडलं. महिपत फरशीवर, ओठ निळे. हॉस्पिटलमध्ये वाचला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मध्ये सोडल्यामुळे शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस जुन्या हिशोबाने घेतो. श्वास बंद पडतो तो असा.

सुगंधाने त्याला एवढंच विचारलं, की घ्यावीशी वाटत होती तर मला का नाही सांगितलंत?

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "देवीपुढे बोललेलो ना. मोडल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून कडी लावली."

मग सरकारी हॉस्पिटलात गोळीची ओढ थोपवणारं औषध सुरू झालं. रोज जाऊन डॉक्टरांसमोर घ्यायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घसरेल पुन्हा कदाचित, पण लपवलं तर मरेल. काशीनाथला हे पटेना. एक सोडून दुसरं धरलं, हा कसला उपाय? त्याने ठरवलं, यंदा सरावाचा नारळ फुटेल तेव्हा महिपतने औषध सोडून सगळ्यांसमोर पुन्हा शपथ घ्यायची.

मी पुढची खुर्ची धरली. असली करमणूक कोण सोडतं? नारळ ठेवला. आता काशीनाथ गाऱ्हाणं घालणार, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं करणार, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. हे काम पुरुषांचं. तो घसा खाकरतोय तोवर सुगंधा पुढे झाली, पदर खोचला आणि सुरू.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराने शपथ घेतली ती आज सोडवून घे."

कोकणातल्या माणसांची जीभ डोक्याला विचारत नाही. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा."

"तो पडेल, पुन्हा पडेल, त्याला लपायची वेळ आणू नको."

"होय म्हाराजा."

"ज्याच्या दारात तो सांगायला येईल, त्याने हात उगारू नये, औषधाला नेऊन आणावं."

"होय म्हाराजा," काशीनाथचा आवाज सगळ्यात मोठा. आपण काय कबूल केलं हे त्याला उमगलं तेव्हा नारळ फुटून पाणी वाहत होतं. मी बाई एरवी मयताला गेले तरी एखादी कोटी करून येते. त्या दिवशी पुढची खुर्ची सोडून उभी राहिले. जिला मी पिशवी म्हणायचे, तिने सव्वाशे माणसं देवासमोर बांधून घातली होती, आणि आता खाली मान घालून खोबऱ्याचे तुकडे करत होती.

पुढच्याच आठवड्यात, ऐन जेवणाच्या वेळी, महिपत तळमजल्यावर काशीनाथच्या दारात गेला. मी जिन्यात होते, असतेच.

"काशीनाथ, आज घ्यावीशी वाटतेय."

काशीनाथने महिपतकडे पाहिलं, मग आपल्या उष्ट्या हाताकडे. तसाच उठला, बनियनवर, आणि रस्त्यावर जाऊन रिक्षावाल्याला हिंदीत शिव्या घालत थांबवलं.

मी धापा टाकत वर सुगंधाला सांगायला गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, स्वतः जाऊन सांगितलं त्यांनी?"

"स्वतः."

तिने हातातला ओला शर्ट तसाच छातीशी धरला आणि गॅलरीत खालीच बसली. मीपण शेजारी टेकले. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत हे बिल्डिंगमध्ये कोणालाही खरं वाटणार नाही.